साहेबाच्या डोक्यावरची चटई

मित्रांनो, मला कोणी चटई म्हटलेले खरे तर आवडत नाही. चटई म्हणजे जिच्यावर कोणीही बसावे, लवंडावे, पोराने दूध सांडावे अशी वस्तू. आमच्या सामोआ बेटांवर अशा चटया घरोघरी आहेत आणि त्या बिचाऱ्या इमानाने आपले काम करतात. मी त्यांच्यातली नव्हे. मला 'इए तोगा' म्हणतात. आम्ही अंथरायच्या नसतो, द्यायच्या असतो. लग्नात, मयताला, कोणाला गावप्रमुखाचा मान मिळाला तर, अशा वेळी आम्हाला हातावर उलगडून सगळ्यांना दाखवत नेतात, बायका 'मालो, मालो' म्हणून कौतुक करतात आणि मग आमचे घर बदलते. जितकी घरे बदलतील तितका मान वाढतो. पण तुमच्याकडे ह्याला वेगळा शब्द नाही, तेव्हा चटईच म्हणा. मी रागावणार नाही. माझ्यावर एका गोऱ्या साहेबाने सकाळची कवायत केली तेव्हाही मी रागावले नव्हते.

मला सालुआफे गावातल्या फुआतिनो नावाच्या बाईने विणले. केवड्याच्या जातीच्या झाडाची पाने तिने काटे काढून उकळली, समुद्राच्या पाण्यात भिजत ठेवली, उन्हात वाळवून पांढरी केली आणि नखाने चिरून दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या काढल्या. मग विणायला बसली ती दोन वर्षे आणि सात महिने. माझ्या खालच्या काठाला तिने लाल पिसे लावली. गावातल्या इतर बाया शेजारी बसून आपापले विणत असत आणि तोंडे हातांपेक्षा जास्त चालत. माझ्या विणीत कोणाकोणाची लफडी अडकली आहेत ते मी सांगणार नाही.

तेव्हा आमच्यावर समुद्रापलीकडच्या एका देशाचे राज्य होते. गावात त्या लोकांना कोणी नावाने बोलवत नसे, नुसते 'पलीकडचे' म्हणत. पलीकडच्यांचा साहेब राजधानीत बसे आणि हुकूम काढी. दुसऱ्या बेटावर जायचे तर त्याची चिठ्ठी लागे. पुढे आम्हाला स्वातंत्र्य मिळाले, साहेब गेला, आणि त्याच बंगल्यात पलीकडच्यांची वकिलात आली. खुर्च्यासुद्धा त्याच होत्या. फक्त आता बसणारे आमच्याशी हसून बोलत.

स्वातंत्र्याच्या दहाव्या वर्षी पलीकडच्यांनी सालुआफेला पूल बांधून दिला. गावाला नदी नव्हती, ओढा होता, पण पूल मोठा होता. उद्घाटनाला राजदूत आले. गावाने त्यांना भाजलेली डुकरे दिली, कंदांच्या पाट्या दिल्या आणि शेवटी मला दिले. तोवर मी अकरा घरे पाहिली होती आणि फिरून फुआतिनोच्याच घरी आले होते. तिने आणि तिच्या सुनेने मला दोन्ही टोकांना धरून मैदानभर फिरवले. राजदूतांनी माझा काठ चिमटीत धरून पाहिला आणि विचारले, "हाताने केलीय का?"

"नाही, पायाने," फुआतिनो म्हणाली.

दुभाष्याने "हो" असे भाषांतर केले. दोन देशांचे संबंध अशाच माणसांच्या जोरावर टिकतात. राजदूतांनी गावाला परतभेट म्हणून स्वतःच्या देशाचा रंगीत नकाशा काचेच्या चौकटीत दिला. मला गाडीत घालून वकिलातीत नेले. फुआतिनो त्यानंतर चार वर्षांनी वारली. तिच्या मयताला शंभरावर चटया आल्या होत्या म्हणे. मी जाऊ शकले नाही.

वकिलातीत मी तीन वर्षे दिवाणखान्याच्या भिंतीवर होते. ते दिवस बरे होते. येणारा पाहुणा माझ्याकडे बघून 'वा' म्हणे आणि सरबत घेई. मग राजदूत बदलले. नव्या राजदूतांना मासेमारीचा नाद होता. त्यांनी माझ्या जागी स्वतः पकडलेल्या माशाचा फोटो लावला आणि मला कागदांच्या नकला काढायच्या यंत्रावर झाकण म्हणून घातले. यंत्र गरम झाले की माझ्या पोटात कळ येई. असे किती दिवस गेले कोण जाणे. एके दिवशी त्या खोलीत पेनफोल्ड साहेब राहायला आले.

पेनफोल्ड हे वकिलातीतले दुसऱ्या नंबरचे साहेब. वय बत्तीस, अंगाने शेवग्याची शेंग, आणि ऊन लागले की शिजलेल्या खेकड्यासारखे लाल. माणूस मनाने चांगला होता. आमची भाषा त्याने पुस्तकातून शिकली होती आणि ती तो बाजारात कोंबड्या विकणाऱ्या बाईशीही पुस्तकातल्यासारखीच बोले. रोज सकाळी तो मला जमिनीवर पसरून माझ्यावर हातपाय वाकवी.

वकिलातीत सिएनी नावाची आमच्यातलीच बाई कारकून होती. भाषांतर करणे, पाहुण्यांचे बघणे, राजदूतांचा चष्मा शोधणे ही सगळी कामे तिची. एका सकाळी ती फायली घेऊन आत आली आणि दारातच थांबली.

"साहेब, तुम्ही कशावर उभे आहात?"

"चटईवर."

"ती चटई नाही."

साहेबाने एक पाय वर उचलला. "मग काय आहे?"

"तुमच्या आजीचा लग्नातला झगा समजा."

साहेब उडी मारून बाजूला झाला. त्याने माझी क्षमा मागितली, अगदी माझ्याकडे बघून. मग मला नीट घडी घालून, हळूच, कपाटामागे ठेवले आणि पुन्हा म्हणून हात लावला नाही. मित्रांनो, आदराने अडगळीत टाकलेली वस्तू आणि नुसती अडगळीत टाकलेली वस्तू ह्यांच्यात धुळीच्या दृष्टीने काही फरक नसतो. कपाटामागे पालींचे एक कुटुंब होते. त्यांनी मला सांभाळून घेतले.

आता मुख्य गोष्ट. तिची सुरुवात मी पाहिली नाही, सिएनी खोलीत बसून बोलली ते ऐकले.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे होणार होती. पलीकडचे एक मंत्री समारंभाला येणार होते आणि तो समारंभ सालुआफेच्या मैदानावर व्हायचा होता. गावचे प्रमुख होते लेआवासा, म्हणजे माझ्या फुआतिनोचा थोरला मुलगा. मंत्र्यांच्या मेजवानीसाठी त्यांनी एक डुक्कर तीन वर्षे वाढवले होते. ते डुक्कर इतके मोठे होते की त्याला गावात लोक वाट देत.

समारंभाला बारा दिवस असताना पेनफोल्ड साहेब निमंत्रणपत्रिका घेऊन गाडीने सालुआफेला निघाला. वाटेत चाक पंक्चर झाले, उशीर झाला, आणि तो गावाच्या वेशीवर आला तो नेमका संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी. त्या दहा मिनिटांत आमच्या गावात पान हलत नाही. शंख वाजतो, लोक घरात बसतात, आणि गावची तरुण मंडळी रस्त्याच्या कडेला ओळीने उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवतात. एकाने हात वर केला. साहेबाने गाडी हळू केली, खिडकीतून मान बाहेर काढली आणि पुस्तकातल्या शुद्ध भाषेत म्हणाला, "मी वकिलातीचा माणूस आहे. मला थांबवता येत नाही."

हे बोलताना तो त्या मुलाकडे बघत होता. त्यामुळे समोरचे डुक्कर त्याला दिसले नाही. सगळे गाव प्रार्थनेला बसले होते, पण डुकराला धर्माचे काही नव्हते.

डुक्कर गेले ह्याचे गावाला वाईट वाटले. पण त्या वाक्याचा राग आला. दुसऱ्या दिवशी गावच्या बैठकीत ठरले की समारंभ आमच्या मैदानावर होणार नाही आणि लेआवासा भाषण करणार नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सहा गावांनी कळवले, डुक्कर सालुआफेचे असेल, अपमान सगळ्यांचा आहे. मंत्री विमानात बसायचे होते आणि इकडे त्यांच्या स्वागताला फक्त वकिलातीचा माळी उरला होता.

राजदूतांनी मासेमारी सोडून पत्र लिहायला घेतले. 'झाल्या प्रकाराबद्दल आम्ही माफी मागतो' असे त्यांनी साधे लिहिले. पण पत्र पाठवण्याआधी पलीकडे तार करून विचारावे लागते. उत्तराची तार आली : 'माफी हा शब्द वापरू नये. एकदा वापरला की मागच्या कशाकशाला वापरावा लागेल सांगता येत नाही. खेद वापरावा, तोही बेताने.'

चार दिवस तारा जात-येत राहिल्या. शेवटी जे पत्र मंजूर झाले ते सिएनीने आमच्या भाषेत उतरवले आणि टिनबंद मांसाच्या चोवीस डब्यांसह स्वतः गावात नेऊन वाचून दाखवले. 'अमुक दिवशी सायंकाळी सालुआफे येथे वकिलातीचे वाहन व एक डुक्कर यांची गाठ पडली. ह्या भेटीचा शेवट डुकराच्या दृष्टीने अनुकूल झाला नाही, ह्याचा वकिलातीस खेद आहे.'

लेआवासांनी पत्र पुन्हा वाचायला लावले. "म्हणजे डुक्कर ह्यांना भेटायला गेलं होतं?"

त्यांच्या शेजारी गावचा वक्ता ताउफाओ बसला होता. प्रमुखाच्या वतीने चारचौघांत बोलायचे काम त्याचे. तो म्हणाला, "तसंच दिसतंय. वेळ न घेता गेलं असणार."

गावाने डबे ठेवून घेतले आणि पत्र परत पाठवले.

सिएनी परत आली तेव्हा पेनफोल्ड खोलीत डोके धरून बसला होता. त्याचे जेवण चार दिवस सुटले होते. नोकरीची काळजी होतीच, पण दुसरेच काहीतरी त्याला खात होते.

"सिएनीबाई, मी तसं बोलायला नको होतं," तो म्हणाला. "पुस्तकात ते वाक्य पहिल्या पानावर आहे. मला स्वतः जाऊन माफी मागायची आहे. पण तो शब्द वापरायला बंदी आहे."

"साहेब, आमच्याकडे माफी शब्दांनी मागत नाहीत."

"मग?"

"पहाटे त्यांच्या घरासमोर जाऊन मांडी घालून बसायचं. डोक्यावर चटई घ्यायची. तोंडातून अक्षर काढायचं नाही. त्यांनी येऊन चटई उचलली तर झाली माफी."

"आणि नाही उचलली तर?"

"पूर्वी मारून टाकायचे."

"आणि आता?"

"आता बसून राहायचं."

"किती वेळ?"

"डुक्कर केवढं होतं त्यावर आहे," सिएनी म्हणाली.

दोघे राजदूतांकडे गेले. राजदूतांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. "ह्यात लेखी काही असतं का?"

"नाही," सिएनी म्हणाली.

"बोलणं?"

"तेही नाही."

"मग मला काही माहीत नाही असं समजा. पेनफोल्ड, टोपी घालून जा."

"टोपी चालत नाही," सिएनी म्हणाली. "चटई असते ना."

त्यासाठी तिने मला कपाटामागून ओढून काढले. पाली पांगल्या. सिएनीने मला बघितले आणि तिचे डोळे भरून आले, कारण मी फार वाईट दिसत होते. झटकून साफ करायला वेळ नव्हता, आणि जोराने झटकले असते तर माझी पिसे गळाली असती. तिने मला तशीच गुंडाळून गाडीत ठेवले.

उजाडता उजाडता आम्ही लेआवासांच्या घरासमोर होतो. आमच्या घरांना भिंती नसतात, खांब आणि वर छप्पर. आतल्यांना बाहेरचे सगळे दिसते. साहेब गवतावर मांडी घालून बसला. सिएनीने मला त्याच्या डोक्यावरून सोडले आणि ती पुलापाशी जाऊन उभी राहिली. इतके दिवस मी ह्या माणसाच्या पायाखाली नाहीतर कपाटामागे होते. आता त्याचा श्वास मला लागत होता. तो मधूनमधून स्वतःशीच पुटपुटे, "मूर्ख, मूर्ख." मग त्याच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या आणि तो गप्प झाला.

घरात लोक उठले. कोकोचा वास आला.

"अहो, बाहेर कोणीतरी बसलंय," लेआवासांची बायको सालीलो म्हणाली. फुआतिनोबरोबर मला मैदानभर फिरवणारी सून ती हीच.

"दिसतंय मला."

"कोण असेल?"

"गुडघा बघ. इतका पांढरा गुडघा ह्या गावात कोणाचा आहे?"

त्यांनी न्याहारी केली. कंद खाल्ले, नारळाच्या घट्ट दुधात शिजवलेली अळूची पाने खाल्ली. ऊन वर आले. हळूहळू गाव जमले आणि घराभोवती बसले. एक कोंबडी साहेबाच्या मांडीला टेकून अंड्याला जागा आहे का बघून गेली. माझ्या आत भट्टी झाली होती. घाम त्याच्या नाकावरून ठिपकत होता, पण तो हलला नाही. ते पाहून मला त्याचा अभिमान वाटू लागला होता.

"किती वेळ बसवणार?" ताउफाओने विचारले.

लेआवासांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "माझा काका सवाईई बेटावर वारला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मातीला जायला बाबांना साहेबाची चिठ्ठी हवी होती. बाबा मला घेऊन त्या बंगल्याच्या पायरीवर जाऊन बसले. आत साहेब होता. चहाच्या कपांचा आवाज येत होता. आम्ही दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी मिळाली, तोवर काकांना पुरून झालं होतं."

हे गावाला माहीत होते, पण लेआवासांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. चटईखाली साहेबाचा श्वास थांबला. त्याला आमची भाषा येत होती, हे मी सांगितले आहेच.

"मग ह्यालाही दोन दिवस," मागून कोणीतरी म्हणाले.

"दोन दिवसांत मरेल तो," सालीलो म्हणाली. "मग पुन्हा पत्र येईल की ऊन आणि साहेब यांची गाठ पडली."

लेआवासा हसले नाहीत. "बसू दे त्याला," ते म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले, संपले. ह्या म्हाताऱ्याच्या मनातली ती पायरी काही हलायची नाही. मी काय करू शकणार होते? मी नुसती चटई. माझ्याकडे चार लाल पिसे आणि बारा वर्षांची धूळ होती.

आणि धूळच कामी आली. दुपारचा वारा सुटला, माझी एक घडी हलली आणि तिच्यातला सगळा खजिना साहेबाच्या नाकात गेला. त्याने दाबून धरले. पुन्हा दाबून धरले. मग तो असा शिंकला की कोंबड्या उडाल्या आणि मी वीतभर वर जाऊन खाली आले.

"सोइफुआ," लेआवासा म्हणाले.

आमच्याकडे कोणी शिंकले की असे म्हणतात. अर्थ इतकाच की जिवंत राहा, आयुष्य लाभो. आईच्या दुधाबरोबर लागलेली सवय ती. बोलणाऱ्यालाही कळत नाही आपण बोललो म्हणून.

सगळे गाव लेआवासांकडे बघू लागले. लेआवासांनी ताउफाओकडे बघितले.

ताउफाओ घसा खाकरून म्हणाला, "प्रमुख चारचौघांत 'जिवंत राहा' म्हणाले. आता त्याला उन्हात मारता येत नाही. शब्द मागे घ्यायचा असेल तर मला सांगा, पण असं भाषण मी आजवर केलेलं नाही."

कोणीतरी फिसकन हसले. मग सालीलो हसली. मग कोणाला आवरेना. लेआवासांनी तोंडावरून हात फिरवला. ते उठले, काठी टेकत अंगणात आले आणि दोन्ही हातांनी मला उचलले.

खाली साहेब लालभडक, ओलाचिंब, डोळे मिटून बसला होता. त्याचे गाल कशाने भिजले होते ते मला माहीत आहे, पण घामच म्हणू.

"ऊठ," लेआवासा म्हणाले. "तुझ्यापेक्षा डुक्कर दिसायला बरं होतं."

साहेबाला उठता येईना. दोन्ही पाय झोपले होते. चौघांनी त्याला उचलून घरात नेले, शहाळ्याचे पाणी पाजले आणि पुढ्यात ताट ठेवले. ताटात मांसही होते.

"हे तेच का?" त्याने हळूच विचारले.

"नाही," सालीलो म्हणाली. "हे तुमच्या डब्यातलं."

राजदूतांनी त्या दिवशी पलीकडे तार केली : 'संबंधित अधिकारी गावात काही काळ बसले. संबंध सुधारले.' उलट तार आली : 'उत्तम. कोणताही शब्द वापरला गेला नाही ना?' राजदूतांनी कळवले, 'एक वापरला गेला. पण तो त्यांनी वापरला.'

समारंभ सालुआफेलाच झाला. पलीकडचे मंत्री चाळीस मिनिटे बोलले. स्नेह म्हणाले, भागीदारी म्हणाले, 'आपला समाईक इतिहास' असे तर सहादा म्हणाले. मी सालीलोच्या मांडीवर घडी होऊन ऐकत होते, कारण माफीला आणलेली चटई गावाकडेच राहते. तो एक शब्द मात्र मंत्र्यांनी असा चुकवला, जसा पावसात माणूस डबके चुकवतो.

मग लेआवासा उठले. ताउफाओला त्यांनी हाताने बसवले. "मंत्रिसाहेब, भाषण छान झालं," ते म्हणाले. "तुमचा एक माणूस परवा आमच्या अंगणात बसून गेला. त्याच्या डुकराचं मिटलं. पायरीचं राहिलंय. तुम्हाला कधी बसावंसं वाटलं तर या. बोलावं काही लागत नाही. चटई आमच्याकडे आहे."

दुभाषा म्हणून सिएनी उभी होती. तिने ह्या वेळी शब्दनशब्द भाषांतर केले. मंत्री हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पेनफोल्ड साहेबाने वाजवल्या नाहीत. तो जमिनीकडे बघत राहिला.

ह्याला आता बरीच वर्षे झाली. मी सालीलोच्या पेटीत असते. नियमाप्रमाणे मला आतापर्यंत आणखी वीस घरे फिरून व्हायला हवी होती. दोन लग्नांना आणि एका मोठ्या मयताला लोकांनी मला मागितले, पण तिने दिले नाही. दुसरी दिली, माझ्याहून चांगली दिली.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुठेतरी, कपाटामागे, कोणीतरी प्रेमाने दिलेली आणि तुम्ही आदराने विसरलेली एखादी वस्तू असेल. तिला बाहेर काढा. वारा लागू द्या. शिंकेवर भरवसा ठेवू नका, ती प्रत्येक वेळी येत नाही.

सालीलो दर महिन्याला मला पेटीतून काढून उन्हात पसरते, पिसे एकेक करून बोटांनी सारखी करते. शेजारणी विचारतात, "काय गं, कोणाचं लग्न ठरलंय का?"

"नाही," ती म्हणते. "पाहुणे यायचे आहेत. कधी ते अजून कळवलं नाही त्यांनी."